खरकट्या पाण्याचा दिवा

इचोडा,
तान्हा पोळा

ती. अक्कास,

धाकट्या सोजरचा वाकून नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता वळतो की नाही, अन् तांबडी गाय व्याली की नाही, दोन्ही सविस्तर कळव. (आधी गायीचं कळव.) इकडे आम्ही सगळे खुशाल. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझी नेहा माझ्याकडे राहून गटारात हात घालून बसते, ही खबर तुला लागली हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. खबर खरी आहे, पण अर्धी आहे. तो तिच्या एमएस्सीचा प्रयोग आहे. आमच्या खानावळीमागे भांडी घासल्याचं पाणी जिथं जातं, तिथं तिनं चार टब मांडले. तळाला गाळ, गाळात कोळशाच्या कापडाची एक पट्टी, दुसरी वर हवेला लागून, अन् दोन्हींना तार. गाळातले जिवाणू (डोळ्याला दिसत नाहीत, मी भिंग लावून पाहिलं) खरकट्या पाण्यातलं वरण अन् भाताची पेज खातात, अन् खाता खाता वीज सोडतात. ती तारेतून वर येते. हे ऐकल्याबरोबर आमच्या यांनी मिक्सर उचलून टबांपाशी आणून ठेवला. चटणी तरी फुकट होईल म्हणाले. नेहानं समजावलं, की चार टबांची वीज साठवून साठवून नखाएवढा एक लाल दिवा लुकलुकेल, बस. यांनी मिक्सर आत नेला अन् दोन दिवस तिच्याशी तुटक बोलले.

पण अक्का, दिवा लागला ना! तेव्हापासून माझं स्वयंपाकात लक्ष नाही. पेज ओतली की तो भराभर लुकलुकतो, तेलकट रस्सा गेला की मंदावतो. हे असं काऊन, ते नेहा सांगते, मला अर्धं समजतं, उरलेल्या अर्ध्यासाठी मी पुन्हा पेज ओतून पाहते. गिऱ्हाईक ताटात काय टाकून उठलं, इकडेच माझे डोळे. (एकदा एका ट्रकवाल्यानं ताट बोटानं पुसून साफ केलं, तर मला त्याचा रागच आला.)

आता बाबारावचं सांगते. बाबाराव म्हणजे शेजारचा टायरवाला. आमच्या पाण्याचा वास त्याच्या दुकानात जातो म्हणून आमचं भांडण. नाली मुरूम टाकून बुजवतो, असं तो रोज म्हणायचा, अन् नाली बुजली तर आमची खानावळच बंद. आम्ही जैनथला लग्नाला गेलो होतो, त्या दुपारी त्यानं संडास धुवायच्या अॅसिडची बाटली टबांत ओतली. येऊन पाहतो तर दिवा गेलेला, अन् रिकामी बाटली तिथंच पडलेली. पोरगी रडली. यांनी झारा उचलला. नेहानं डोळे पुसले, यांना थांबवलं अन् एकटीच त्याच्या दुकानात गेली. मी भीतीनं मागे मागे.

"काका, टबांत अॅसिड तुमी टाकलं?"

"टाकलं. वास येऊन राह्यला होता. काऊन?"

"वास मारणारी घाणच ते जिवाणू खात होते. सगळे मेले."

बाबारावनं हातातला पाना खाली ठेवला. "किती होते?"

"कोट्यवधी."

अक्का, एवढा धिप्पाड माणूस, मटकन टायरवर बसला. "मले कोणी सांगितलं नाही पोरी. मले वाटलं, नुसतं सांडपाणी हाय."

मग उठला, आमच्याकडे आला, चारही टब पाइप लावून स्वतः धुतले. धुता धुता विचारणं चालू. हे झोपतात का? यांना पिल्लं होतात का? नेहा म्हणाली, पिल्लं नाहीत काका, एकाचेच दोन होतात. त्यानं पाइप बंद केला. मग म्हणे, "अन् मंग त्यात बाप कोणता अन् पोरगं कोणतं?" एमएस्सीवाली पोरगी, तिनं हा प्रश्न वहीत लिहून घेतला. माझ्याही डोक्यात तेव्हापासून तेच घोळून राह्यलं आहे. भाऊजींना विचारून पाहा.

मुरुमाचं नाव आता निघत नाही. कालपासून बाबाराव फावडं घेऊन नालीला उतार काढतो आहे, म्हणजे पाणी त्याच्या दारात न थांबता सरळ टबांत येईल.

तुझी,
सोजर

ता. क. आता जिवंत गाळ पाहिजे. दह्याला विरजण लागतं तसाच हा प्रकार. नेहा म्हणते, गोबरगॅसमधला सगळ्यात चांगला. तुमच्या टाकीतला एक डबा भरून भाऊजींसोबत बसनं पाठव. झाकण घट्ट लाव. कंडक्टरनं विचारलं तर लोणचं आहे म्हणू नका, तो चाखायला मागेल.

आणखी एक. रविवारी पांढरकवड्याचे लोक तिला पाहायला येणार, म्हणून तू बोलावतेस ते मला माहीत आहे. ती येणार नाही. नवे जिवाणू धरेपर्यंत तिला इथून हलायचं नाही, अन् पुढे हेच शिकायचं आहे. "मावशी, आईला तू सांगशील का?" म्हणाली. मी हो म्हटलं, म्हणून हे एवढं लांबण लावलं. त्या लोकांना कळव की पोरीला सुतक पडलं. कोण गेलं म्हणून विचारलंच, तर खोटं बोलू नको. म्हणावं, इचोड्याला एका दुपारीत पुष्कळ जण गेले.