अर्धं मिनिट

ता. ९, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरा असशील. तुझ्या पत्रातला आवाज तरी खणखणीत होता. आमच्याकडे नळाला चार दिवस पाणी नाही, आणि मी प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं पाणी तपासते. आईला सांग, हसेल. बाबांच्या तळहाताचे टाके काल काढले. करंगळी अजून मिटत नाही. माझ्याकडे राहून कंटाळलेत, खिडक्यांच्या काचांना नावं ठेवत बसतात.

तू लिहिलंस, आपल्या काचेच्या कारखान्यात यायचं तर रोज सकाळी तुझ्या भक्तिमंडळाचा पाठ म्हणायचा, मोठ्याने. बाबांनाही सूट नाही. आणि मी ‘देव नाही’ म्हणणाऱ्यांत बसते, म्हणून मला घराचंच दार बंद.

गंमत म्हणजे तिकडूनही मला काढताहेत. आमच्या गटातली वकीलबाई म्हणाली, “तुझा दादा काय, बाबा काय, एकाच माळेचे मणी. संबंध तोड.” म्हटलं, “मग मलाही त्यातच ओव.” तेव्हापासून अबोला आहे.

दादा, आपल्या कारखान्यातली सकाळ आठव. दिवसाची पहिली मोठी काच उभी केली की बाबा तिच्यावर हात ठेवून अर्धं मिनिट डोळे मिटायचे. दुसऱ्या टोकाला घासकाका. काचेच्या कडा घासतात म्हणून आपणच ठेवलेलं नाव. ते कशालाच न मानणारे. पण तीस वर्षं तोल सांभाळत म्हणायचे, “उरक तुझं, मी धरलंय. माझाही नमस्कार सांग. ओळख नाही म्हणावं!”

कारखाना हातात आल्यावर त्या काकांना तू काढलंस, पाठ म्हणत नाहीत म्हणून. त्यांच्या जागी आणलेल्या माणसाला सगळा पाठ येत होता. काच धरता येत नव्हती. बाबांचा हात त्यात कापला.

इथेच थांबून पाकीट चिकटवणार होते. सगळं तुझ्या माथी मारून मोकळी झाले असते. पण नाही.

माझा पदवीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी कारखान्यात आले होते. बाबांनी डोळे मिटले आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, “बाबा, काच ऐकते का हो?” कामगार हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, “पोरी, मी इतकी वर्षं गप्प उभा राहिलो, ते काय मला बोलता येत नव्हतं म्हणून?”

त्यानंतर बाबांनी कधी डोळे मिटले नाहीत. घरातली पहिली शिकलेली म्हणते, म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांनी धरलं. त्यांचं अर्धं मिनिट मी काढून घेतलं; तू त्या रिकाम्या जागेत पाऊण तासाचा पाठ बसवलास.

काल विचारलं, “बाबा, पुन्हा डोळे मिटाल?” म्हणाले, “तुला चालेल का?”

काय उत्तर देऊ रे?

त्या अर्ध्या मिनिटात कोणी ऐकत होतं का, मला माहीत नाही. कोणीच नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. कोणी आहे, हे तुला नियम लावून सिद्ध करता येणार नाही. याला तू पळपुटेपणा म्हणशील, वकीलबाईही म्हणेल. खुशाल म्हणा. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन मी जागची हललेली नाही.

सोमवारी सकाळी बाबांना घेऊन येते. काकांना घरी जाऊन सांगितलं. म्हणाले, “तुझा दादा दारात आडवा येईल.” म्हटलं, “मग त्यालाही काच धरायला लावू.” कारखान्याच्या कुलपाची दुसरी किल्ली बाबांच्या खिशात आहे, विसरू नकोस. तुझा पाठ आम्ही म्हणणार नाही. तुला म्हणायचा तर म्हण, तुला कोणी हसणार नाही. तेवढं मी बघते. बाबांना वाटलं तर ते डोळे मिटतील. तेवढा वेळ काका थांबतील, आणि सगळा कारखाना थांबेल.

करंगळीमुळे बाबांच्या बाजूला आणखी एक हात लागेल. माझा आहेच. तुझाही चालेल.

बाबांना अजून उत्तर न दिलेली, पण सोमवारी नक्की येणारी,
तुझी धाकटी