दोन पाट

शिरवणे गाव, नेरूळ
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जागृतीताई,

नमस्कार लिहावा की लाडानं दोन शिव्या घालाव्यात हे ठरत नाहीये, म्हणून दोन्ही घे.

तुझा श्रीवर्धनचा पत्ता हादियाकडून मिळाला. तुझी नणंद खारघरला कॉलेजात शिकवते आणि मला पत्ताच नाही, म्हणजे बघ आपल्या घराची तऱ्हा. नंबरही देत होती ती. मीच नको म्हटलं. फोनवर तू पहिलं विचारशील, आई कशी आहे, आणि मी तिथेच अडकेन. कागदावर जरा इकडचं तिकडचं सांगत तिथवर जाता येतं.

तर इकडचं तिकडचं. मागच्या आळीतली चाळ पाडली, बिल्डिंग होतेय, दिवसभर धूळ. माझी आई माझ्यासाठी स्थळं बघतेय, मी नाकं मुरडतेय. आणि तुझी आई? आत्या बरी आहे. जेवते, उन्हात बसते.

मी दोन वर्षं ऐरोलीला एका कंपनीत आहे. लग्नाची कामं घेतो आम्ही: हॉल, मंडप, जेवण, भटजी, सगळं एका ॲपवर. सेवा क्षेत्रात जे कुणी काही नवीन करतील त्यांना पैसे द्यायची सरकारची एक योजना आहे. कागदावर तिचं नाव इतकं लांब आहे की आम्ही सगळे नुसतं ‘ग्रँट’ म्हणतो. आमच्या मनाली मॅडम अर्ज करून करून थकल्या. समितीतले साहेब ऑनलाइन यायचे आणि एकच विचारायचे, “यात नवीन काय?” हॉल तर सगळेच देतात. शेवटी मॅडमनी मला विचारलं, तुमच्या आगरी लग्नात असं काय असतं जे दुसरीकडे नसतं?

मी म्हटलं, धवलारीण.

आणि मग समजावत बसले. भटजी असला तरी आमच्याकडे धवला गाणाऱ्या बाईशिवाय लग्न लागत नाही, हळदीपासून पाठवणीपर्यंत ती गाते, नवरा-नवरीची नावं गुंफून गाते, आणि अशा बाया आता हाताच्या बोटांवर राहिल्यात. मॅडमचे डोळेच चमकले. एका धवलारणीचं सगळं गाणं रेकॉर्ड करायचं, नावांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या, आणि मशीननं तिच्याच आवाजात हव्या त्या जोडप्याची नावं भरायची. साहेबांना हे नवीन वाटलं. ग्रँट मंजूर झाली.

आता धवलारीण कोण, ते तुला सांगायला नको. आत्याला विचारलं तर तिनं मला उभंच केलं नाही. “नवरी पाटावर नाय त धवला कोनाला गाऊ गो? भिंतीला?” वर्षभर मी तिच्या पाठी होते आणि वर्षभर ती मला हाकलत होती. धवला गंमत म्हणून गायचा नसतो, समोर लग्न असलं तरच तोंड उघडायचं, हे तिचं ठाम.

दिवाळीच्या आधी एक दिवस ती स्वतःच म्हणाली, “चल तुझ्या हापिसात.”

ताई, त्याच्या आदल्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं होतं. आवाज बसलाय, बसलाय म्हणून बरेच दिवस ती काढा पीत होती. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे, आणि चांगली नाही. आवाजाची पेटी काढावी लागेल, नाहीतर जिवाला धोका आहे. बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, “म्हंजे गायचा नाय परत?” रिक्षात बसून मीच रडले, आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

स्टुडिओत येताना तिनं घरून दोन पाट आणले. आमचा रेकॉर्डिंगवाला मितेश हसायलाच लागला, म्हणाला, मावशी, इथे खुर्च्या आहेत. मी म्हटलं, नवरी हवी ना, मी बसते. तर माझ्यावर डाफरली, “तुजी व्हायची हाय आजून, तू बाजूला हो.” मग वाटीत हळद कालवली आणि दोन्ही रिकाम्या पाटांना लावली, अगदी नवरा-नवरीला लावतात तशी, हळू हळू. पाटांखालची कंपनीची नवी कोरी गादी पिवळी झाली.

मितेशनं तिला नीट बजावलं होतं, नावाची जागा आली की थांबा. तिनं मान डोलावली होती. आवाज घोगरा होता, पण चढला, ताई, कसा चढला म्हणून सांगू. आणि पहिल्याच नावाच्या जागी ती थांबली नाही.

“जागृती” म्हणाली.

मला वाटलं, मला भास झाला. तुझ्या लग्नानंतर तुझे बाबा, नामाकाका, होते तोवर त्या घरात तुझं नाव काढायची सोय नव्हती. ते गेल्यावरही तिनं काढलं नाही. तू दारापर्यंत येऊन परत गेलीस त्या दिवशीही तिनं मान वर केली नाही, हे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. आणि आता दुसऱ्या पाटाकडे बघून ती “कैफ” म्हणाली. जावयाचं नाव. म्हणजे तिला ठाऊक होतं, आणि ते धवल्यात बसवायचं कसं हेही तिनं कधीतरी मनाशी बसवून ठेवलं होतं.

मितेश काचेपलीकडून हात हलवत होता, गॅप, मावशी, गॅप. मी त्याचा हात धरला. हळद, मांडव, पाठवणी, तिनं सगळं गायलं, जिथे जिथे नाव येतं तिथे तिथे तुमचं घेऊन. पाठवणीला तिच्याच्यानं होईना. तरी थांबत थांबत पुरी केली. मग पाट काखेत मारले आणि म्हणाली, “झाला. आता काप म्हनाव डाक्टराला.”

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरा कपडा बांधते. आवाज गेला. वर ‘आत्या बरी आहे’ लिहिलं ते खोटं नव्हतं, पण तिथेच थांबले असते तर खोटं झालं असतं.

कंपनीनं तुमची नावं काढून टाकली. त्याशिवाय काही विकता आलं नसतं, आणि ग्रँटही त्यासाठीच होती. साहेब खूश झाले, म्हणाले, देशभर दाखवण्यासारखं काम आहे. मागच्या आठवड्यात खारघरला पहिलं लग्न त्यावर लागलं. मॅडमनी आत्याला मानानं बोलावलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं. स्पीकरमधून तिचा आवाज आला आणि कुणा भलत्याच पोरीचं नाव घेऊ लागला. लोक टाळ्या वाजवत होते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, पण बघितलं. तिचे ओठ हलत होते. आम्ही घरचे आता तिचे ओठ वाचायला शिकलोय. स्पीकर दुसऱ्यांची नावं घेत होता आणि ती तुमची घेत होती, प्रत्येक वेळी.

घरी आल्यावर मी विचारलं, ताईला कळवू? ती गळ्यावरच्या कपड्यावर हात ठेवून बसली. उशिरानं ओठ हलवले, “आता काय देऊ तिना? गला त गेला.”

पहिलं रेकॉर्डिंग, तुमच्या नावांचं, मी मॅडमना विचारून घेतलंय. पोस्टानं पाठवणार होते. मग वाटलं, नको. ते ऐकताना तू तिच्यासमोर असायला हवीस.

ते दोन पाट अजून भिंतीला टेकवलेले आहेत. हळद वाळून गेलीय. मी पुसायला गेले तर तिनं माझा हात धरला. दाजींना घेऊन ये, ताई, आणि त्यावर बसा. गाणं मी लावते.

आत्याच्या शेजारी बसून लिहिणारी,
तुझी मनस्वी