खिडकीतली घंटी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा सप्तांग नमस्कार. (आठवं अंग म्हणजे डावा पाय. प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले तरी तो वाकायला तयार नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझं विचारशील तर जिवंत आहे, आणि त्यात तुझ्या लेकीचा काही हात असेल असं तिच्या वागण्यावरून वाटत नाही.

तू लिहिलं होतंस की पोरीला तुझ्या सेवेला पाठवते, महिनाभर बघ आणि खरं काय ते कळव. तिच्याच्यानं होत नसेल तर नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहू दे, तिला घरी बोलावून घेते. तर खरं ते कळवतो. सेवा म्हणशील तर शून्य.

ही आली ती एक जाडजूड पुस्तक घेऊन. (बांधणी भिकार. चाळीस वर्षं पुस्तकं बांधली मी, शिवण बघूनच कळतं.) त्या पुस्तकात रोग्याची देखभाल कशी करावी यावर जन्मभर डोकं चालवलेल्या थोर बायका आहेत, आणि त्या सगळ्या एकदमच माझ्या खोलीत राहायला आल्या. पहिली खिडकीवाली. तिने दीडेकशे वर्षांपूर्वी लढाईतले जखमी सांभाळले आणि सांगून ठेवलं की रोग्याला आधी स्वच्छ हवा आणि उजेड द्या. झालं, सकाळी सहाला माझ्या अंगावर गार वारा. दुसरी चौदा गरजांवाली. श्वास घेण्यापासून नवं काही शिकण्यापर्यंत माणसाच्या चौदा गरजा असतात म्हणे, आणि भाची रोज वही घेऊन एकेक विचारते. पोट साफ झालं का, हे तिने दूधवाल्यासमोर विचारलं. काम या गरजेपुढे मी ‘काही नाही’ असं सांगितलं, तर दुपारी तेच जाडजूड पुस्तक, सुई, दोरा आणि खळ माझ्या पुढ्यात. बसवत नाही म्हणून कण्हत होतो खरा, पण शिवण नीट करून मान वर केली तेव्हा दोन तास झाले होते.

तिसरी मात्र माझ्या मुळावरच उठलेली. तिचं म्हणणं असं, की रोग्याला जे जमतं ते त्याचं त्याला करू द्यावं, जमत नाही तेवढ्यालाच आपण हात लावावा. मी उशाशी एक घंटी ठेवली होती. पाणी हवं, चष्मा हवा, की वाजवायची. भाचीने ती उचलून समोरच्या खिडकीत ठेवली, पाण्याच्या तांब्याशेजारी. असा संताप आला म्हणून सांगू! तसाच उठलो, काठी घेतली, खिडकीपर्यंत गेलो आणि घंटी बडवली. ती आली. मी म्हटलं, पाणी दे. तिने तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मामा, इथपर्यंत कोण आलं?" मी तांब्या उचलून तोंडाला लावला. पाणी पिऊन पलंगाकडे परतताना लक्षात आलं, की रागाच्या भरात पाय दुखायचा राहूनच गेला होता.

असो. तक्रारी पुष्कळ आहेत, पण कागद संपत आला. भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
भाऊ

ता. क. खरं ते कळव म्हणाली होतीस, म्हणून कळवतो. तिला घरी बोलावू नकोस. कॉलेजात परत पाठव.

ता. क. २. हे पत्र टपालपेटीत मी स्वतः टाकणार आहे. पेटी कोपऱ्यावर आहे, दोनशे बारा पावलं. काल सराव करून आलो. पोरगी दहा पावलं मागे होती. हात धरला नाही, पण मी धापा टाकत थांबलो की तीही थांबायची.

ता. क. ३. आईच्या शेवटच्या आजारपणात आपण दोघांनी तिला चमचासुद्धा हातात धरू दिला नाही. मायेनंच केलं. पण ती चमच्यासाठी हात पुढे करायची, आठवतं? सांडेल म्हणून मी तिच्यावर रागवायचो. परवा हे भाचीला सांगताना मला रडू आलं. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं." खरंय ताई, आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. हिला शिकवतायत, तर शिकू दे. वर्ग सोमवारी सुरू होतात. तिला बसथांब्यावर सोडायला मी जाणार आहे.