अवकाशातलं छप्पर

३ मार्च, सकाळी
हे जाऊन दोन महिने झाले. आता रडत बसायचं नाही, ठरवलंय. ह्यांचा कॉम्प्युटर रविवारी लेकीला, उत्कर्षाला देऊन टाकणार. त्याआधी आत काय आहे ते बघणार. एकदाच.

४ मार्च
आत गेम आहे. अवकाशात स्टेशन बांधायचं. रिटायर झाल्यापासून हे त्यातच. "बांधकाम चाललंय, ये ना बघायला," म्हणायचे. मी म्हणायचे, "आधी घरातला नळ बघा."
उत्कर्षाने खराडीहून फोनवर बटणं शिकवली. "आई, तो हेल्मेटवाला म्हणजे बाबा." म्हटलं, कळतंय मला. डोक्यावर नाव लिहिलंय.

५ मार्च
स्टेशन पाहिलं. काम चांगलं आहे, हे मान्य करायला हवं. दारातच चपलांचा कप्पा. पॅसेजमधून दोन माणसं आरामात जातील. आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये समोरून कोणी आलं की मला बाथरूममध्ये शिरावं लागतं. इथे ओट्यासमोर खिडकी, खिडकीत निळा ग्रह. माझ्या ओट्यासमोर जन्मभर भिंत.
एकच खोट. कपडे वाळत घालायला जागा नाही. पुरुषाचं डिझाइन.

७ मार्च, दुपारी
निघताना सगळे दिवे बंद केले. ह्यांना कधी ती सवयच नव्हती. तर हेल्मेटवाला कोसळला. त्यातलं एक बटण हवेचं होतं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. मी डिक्शनरी काढेपर्यंत हे पलंगावरून उठून उभे!
उत्कर्षा म्हणाली, "अगं आई, गेममध्ये मेलं की पलंगावरच उठतात."
बरी सोय आहे.

९ मार्च, रविवार
दिला नाही. स्टेशनचं एक टोक बघायचं राहिलंय. जावई रिकामी खोकी घेऊन आले होते. "आई, बिल्डरसुद्धा ताब्याची तारीख देतो हो." पोहे खाऊन गेले.

११ मार्च
टोक पाहिलं. लांब गॅलरी. चार दोऱ्या बांधलेल्या. आणि वर छप्पर.
तिथे पाऊस कुठला!
दर पावसाळ्यात भिजलेले कपडे घेऊन मी ओरडायचे, "गॅलरीवर एक पत्रा तरी टाका." हे पेपरमधून मान वर करायचे नाहीत. मला वाटायचं, ऐकतच नाहीत.
चष्म्याचा नंबर वाढला असणार. डोळ्यांतून सारखं पाणी येतंय.

१६ मार्च, रविवार
उत्कर्षा स्वतः आली. म्हटलं, कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, दुरुस्त करून देते. "आई, खरं सांग." म्हटलं, खरंच. जाताना तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.
दुरुस्तीआधी तपासलेलं बरं म्हणून हवेचं बटण बंद केलं. हे पडले. उठले. पुन्हा बंद केलं. पुन्हा उठले. मग नको वाटलं. किती त्रास द्यायचा.
ह्यांना गॅलरीत नेलं. छपराखाली उभं केलं. मोठ्याने म्हटलं, "आले हो बघायला. छान बांधलंय."
हे पाठमोरेच.
मान वळवायलाही मलाच बटण दाबावं लागलं.