बोटीचं लांब नाव

मंगळवार, दिवेलागण

मन लागत नाही. मासेमारी बोटींवरच्या, संकटात मदत मागायच्या यंत्राचा 'सी' भाषेतला कोड आज तपासला. कोडमधल्या चुका शोधणाऱ्या स्कॅनरने इशाऱ्याची एकच पिवळी खूण दाखवली. बोटीचं नाव लांबी न मोजता छोट्या जागेत कॉपी होतंय. नाव मोठं असेल तर पुढची मेमरी बिघडेल आणि बटण दाबूनही संदेश जाणार नाही.

पुण्याच्या ऑफिसातून सर फोनवर म्हणाले, "एवढं लांब नाव कोण ठेवतं? खूण बंद कर."

कोण ठेवतं? माझा दादा. देवीचं नाव, पुढे 'प्रसन्न', आणि बाबा समुद्रात बुडाले तेव्हापासून त्यांचंही पूर्ण नाव. हेच यंत्र दादाच्या बोटीवर आहे.

खूण बंद करणार नाही, असं सरांना कळवलं. पण दुरुस्ती बोटींपर्यंत पोचणार कधी? दादाला फोन करून म्हटलं, "तोवर यंत्रात छोटं नाव घाल."

तो म्हणाला, "बाबांचं नाव मी नाय काढणार गो."

पहाटे तो समुद्रात निघेल. ती पिवळी खूण डोळ्यांपुढून हलत नाही. बाबांच्या वेळी बोटीवर असं यंत्रच नव्हतं. आता आहे, आणि त्यांच्याच नावाने ते मुकं होईल.