प्लम, संत्रं, जिन आणि तुमचा पाय

...आणि संत्रं पिळताना रस मनगटावरून कोपराकडे निघाला, तेवढ्यात बेल वाजली. एका हातात अर्धं संत्रं, दुसरा हात कडीवर, आणि कडी निसटत होती. बाहेरून साहेब ओरडले, "अहो, आहात ना घरात?" मी म्हटलं, आहे, कोपराने प्रयत्न चाललाय.

पण आधी रीत. तीर्थरूप दादांना नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? एरवी हे विचारायचं म्हणून विचारतो. या वेळी जरा धाकधूक आहे, कारण इकडे तुमचा पाय मोडलेला आहे. डावा. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आहे. तुम्हाला हे आधी कळवायला हवं होतं, पण पत्र लिहायला बसलो की पुढे काय लिहायचं ते सुचत नसे.

झालं असं. तुमची बहीण निघाली तेव्हा म्हणाली, थोडे दिवस दादाकडे जाते. थोडे म्हणजे किती, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. (दिवसभर दुकानदारांचे काटे तपासणारा माणूस मी. 'थोडे' हे माप कुणी लावलं तर त्याला नोटीस देतो. तरी विचारलं नाही.) पुढे एकदा जिन्यात तळमजल्याच्या डॉक्टरीणबाई भेटल्या, त्या दातांच्या. म्हणाल्या, "घर शांत शांत वाटतंय हो तुमचं." त्यांच्यासमोर तोंड उघडलं की माणूस काहीतरी कबूल करतोच, तो त्यांचा धंदाच आहे. मी तोंड उघडलं आणि माझ्या मेहुण्यांचा, म्हणजे तुमचा, पाय मोडला. बहीण सेवेला गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसलाही ते कळलं, आणि साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून तुमचा पाय नीट चाललाय.

आता तुम्हाला ठाऊक आहे, दरवर्षी या सुमारास आमच्याकडे जेवण असतं. साहेब, त्यांच्या पत्नी म्हणजे वहिनी, आणि डॉक्टरीणबाई. बोलावणं केलं नाही तर लोक विचार करतील. म्हणून केलं. कोंबडी भाजायची, बटाटे उकडायचे, पाव आणायचा. एवढं कुणालाही जमतं. अडलं ते तुमच्या बहिणीच्या त्या पेयापाशी. लोक खरं तर त्यासाठीच येतात. प्लम कुस्करायचे, त्यात संत्र्याचा रस, जिन, बर्फ, वरून सोडा. इतकी वर्षं मी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय. (माझ्याकडे बर्फ आणि पाहुण्यांचे कोट. दोन्ही कामांत माझ्याबद्दल कधी तक्रार आली नाही.) पण ती काहीच मोजत नाही. बाटली वाकडी करते, बोलत राहते, आणि बोलणं संपलं की बाटली सरळ करते. म्हणजे गोष्ट लांबली की पेय कडक, असं ते माप. मी ऑफिसातून काचेची मोजनळी आणली. गोष्टी सांगणारं घरात कुणी नव्हतं.

जिन सापडेना. कपाटात नाही, फ्रिजवर नाही. शेवटी धुण्याच्या खोलीत, खालच्या फळीवर, कपड्यांच्या टोपलीमागे बाटली मिळाली. लेबल स्पष्ट, जवळजवळ भरलेली. मला कौतुक वाटलं, काय जागा शोधली आहे तुमच्या बहिणीने. झाकण काढून हुंगली. काही वास आला नाही. मी पीत नाही, मला काय कळणार. उंची मालाला वास नसतो असं समजलो. मग प्रत्येक ग्लासात नळीने मोजून, डोळा रेषेच्या समोर आणून, एक थेंब इकडे तिकडे नाही. प्लमची सालं गाळण्यात अडकली ती चमच्याने खरवडली. रंग बघण्यासारखा आला होता, दादा. ते ग्लास ओट्यावर रांगेत ठेवले आणि बघायला बोलावायला घरचं कुणी आहे का म्हणून मी मागे वळलो, हे उगीच लिहितोय.

साहेबांनी पहिला घोट घेतला. ग्लासाकडे पाहिलं. वहिनींकडे पाहिलं. म्हणाले, "हलकं आहे. छान हलकं. पण माझ्यात आणखी जरा जिन चालेल." मी मोजून घातली. त्यांनी घोट घेतला. "आणखी जरा." पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली, लेबल वाचलं, दिव्यासमोर धरली. डॉक्टरीणबाईंनी आपल्या ग्लासातला घोट तोंडात घोळवला, जसा त्या पेशंटला घोळवायला सांगतात, आणि गिळून टाकला. मग साहेबांनी बाटली खाली ठेवली आणि जाहीर केलं, "चढली हं मला!"

त्यानंतर काय सांगू. साहेब गायले. ऑफिसात ते शिंकतानासुद्धा दार लावून घेतात. वहिनी म्हणाल्या, "आवरा, भिंती पातळ आहेत." साहेब म्हणाले, "असू देत, आज प्यायलोय." डॉक्टरीणबाई डोळे पुसत हसत होत्या. मीसुद्धा बोललो, बराच बोललो. कोळशाच्या वखारीतला खोटा काटा कसा पकडला ते पुरं सांगितलं, आणि कुणी मध्ये उठलं नाही. हे घर बोलणाऱ्याचं आहे असं मला पहिल्यांदा वाटलं. एकदा तर सवयीने मी थांबलो, पुढचं वाक्य ती बोलेल म्हणून. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मीच बोललो.

वहिनींनी तुमची चौकशी केली. कसे पडले? मी म्हटलं, जिन्यावरून. साहेब म्हणाले, "तुम्ही तर न्हाणीघरात म्हणाला होतात." मी काही बोलायच्या आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वर पडले असतील आणि खाली पोचले असतील. बटाटे द्या इकडे." विषय तिथे संपला.

निघताना साहेब सरळ चालत गाडीपर्यंत गेले, किल्ली पहिल्या झटक्यात लावली. (प्यायलेल्या माणसाच्या मानाने तोल कौतुकाचा.) डॉक्टरीणबाई मागे राहिल्या. मी कोट धरला, त्यांनी बाह्यांत हात घातले आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाल्या, "परवा तुमचे मेहुणे दिसले मला. बसमागे धावत होते. मिळाली त्यांना." मी कोटाची कॉलर सारखी केली. "कुठला पाय म्हणालात?" डावा, मी म्हटलं. "चांगला सांधलाय," त्या म्हणाल्या. मग दारात वळून म्हणाल्या, "किती दिवस झाले हो?" मी म्हटलं, थोडे. त्या जिना उतरून गेल्या.

पाहुणे गेले तसा लगेच हे लिहायला बसलो. टेबल तसंच आहे. माझं ठीक चाललंय. जेवण उत्तम झालं, पेय तर तुमच्या बहिणीपेक्षाही सरस झालं असं सर्वांचं मत पडलं, हे तिला सांगायला हरकत नाही.

आपला,
बर्फ आणि कोट बघणारा

ता. क. वहिनी या रविवारी तुम्हाला बघायला येणार म्हणतात. फळं घेऊन. तेवढा वेळ डावा पाय स्टुलावर ठेवून बसाल का? प्लॅस्टरचं विचारलं तर कालच काढलं म्हणा. काठी असली तर बरी.

दुसरा ता. क. ते पायाचं राहू द्या. वहिनींना मी सांगेन काय ते. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कामासाठी. तिला विचारा, म्हणजे तुम्हीच विचारल्यासारखं, की तिचा काय विचार आहे. मी विचारायला सांगितलं असं म्हणू नका. किंवा म्हणा.

तिसरा ता. क., सकाळी. पत्र टाकायला निघालो तर फोन वाजला. ती होती. डॉक्टरीणबाईंनी तिला रात्रीच फोन केला होता. म्हणाली, "बाटली कुठून घेतलीत?" मी म्हटलं, धुण्याच्या खोलीतून. ती हसायला लागली. ते इस्त्रीत घालायचं पाणी होतं, दादा. त्या बाटलीचं तोंड बारीक म्हणून ती त्यात भरून ठेवते. मी म्हटलं, मी लेबल बघितलं, माप बघितलं. ती म्हणाली, "आत काय आहे ते नाही ना बघितलं." आमचं वजनमापं खातं ते बघत नाही, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. ती बराच वेळ हसत होती आणि मी ऐकत होतो. हसणं थांबलं तेव्हा मी विचारलं, कधी येतेस. मागून तुमचा आवाज आला, चहा निवतोय म्हणून. मग ती म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवला. आता ग्लास विसळतो आणि कामावर जातो.