ओटची बट्टी

धुळे, ११ ऑक्टोबर १९८७
आजवर स्वतःच्या हाताने केलेलं: आईची चाकाची खुर्ची (सायकलच्या चाकांवर), देव्हारा, अंडी उबवायची पेटी, दवाखान्यातली सुया उकळायची पेटी (म्हणायला दुरुस्ती, निम्मी नवीच). कुणी शिकवलं नाही. आज भर: तेलाच्या डब्याची भट्टी. तळाला वाळू, खाली-वर गोवऱ्या.
कारण मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर. मूळच्या आयर्लंडच्या, पण अहिराणी आमच्यापेक्षा ठसक्यात. पेटी दुरुस्त करताना सहज म्हणाल्या, माय ओटचा पाव करायची, इथं आल्यापासून तोंडात नाही. मी म्हणालो, करून देतो. ओट म्हणजे काय, ते नंतर विचारलं.

१८ ऑक्टो.
जळगावहून ओटचा डबा आणला. कृती सिस्टरनी तोंडी सांगितलेली. ओट, गव्हाचं पीठ, ताक, खायचा सोडा, मीठ. यीस्ट नाही. वर सुरीने खोल फुली. म्हटलं, ही तर आपली वरणाबरोबरची बट्टीच. बट्टीसारखंच घट्ट मळलं, चांगलं रगडून. रंग झकास. सुरी शिरेना.
सुमन म्हणाली, "अहो, दाराला टेकू लावायला बरी आहे." गाईने हुंगून तोंड फिरवलं.

२५ ऑक्टो.
तुकडा सिस्टरना नेऊन दाखवला. लपवणं आपल्यात नाही. मळलं कसं म्हणून विचारलं, तर मी मनगटं चालवून दाखवली. हसत खालीच बसल्या. मळायचंच नाही म्हणे! ताक पडलं की बोटांनी गोळा करायचं आणि लगेच भट्टीत.
सुमनला पटेना. न मळलेलं पीठ म्हणजे तिच्या लेखी आळस. पटायला मलाही जड गेलं.

१ नोव्हें.
फुगली! फुली उमलली. खालून टिचकी मारली तर पोकळ आवाज. गरम गरमच फडक्यात बांधून नेली.
सिस्टरनी लोणी लावून हळूहळू खाल्ली. डोळे मिटून. मग:
"भाऊ, चांगली शे. पन मन्ही मायनी नही."
कमी काय? डब्यातले ओट चपटे, मऊ. मायचे भरड, दाताखाली लागणारे. अख्खे दाणे कुठून आणायचे?

९ नोव्हें.
शोध लागला. ओट म्हणजे जई! घोड्याचा चारा. फैजपूरला मेव्हण्याने म्हशींसाठी बी आणून ठेवलंय. केळीच्या कडेला एक पट्टा दाण्यासाठी राखायला सांगितलं. मेव्हणा म्हणे, दाजी, आता चारापण खाणार का?

१७ जाने. १९८८
फैजपूर. जई गुडघ्यापर्यंत. टरफल काढायचं कसं? जात्याची वरची तळी किंचित उचलून बघावी, म्हणजे दाणा न चिरडता साल सुटेल. लाकडी पाचर पुरेल.

२१ फेब्रु.
सिस्टरना बंगलोरला बोलावलंय, थकलेल्या सिस्टरांच्या आश्रमात. मार्चअखेर जाणार. जई अजून हिरवी. मेव्हणा म्हणतो, मार्च उजाडेल, कदाचित सरेलही. पाचर करून ठेवली.

२८ फेब्रु.
बेकरीवाले रशीदभाई आले. डब्यातल्या ओटच्या बट्टीची चव घेतली, पुन्हा घेतली. "मास्टर, भट्टीचं माप आणि कृती द्या, बाकी मी बघतो. मिशन पाव म्हणून खपवतो." रोख काढून ठेवली. सुमन दारात उभी.
म्हणालो, अजून जमली नाही. ते म्हणाले, जमली की हो, मी खाल्ली ना. म्हटलं, पास करणारं माणूस दुसरं आहे, आणि ते अजून धुळ्यात आहे.
नाही म्हणालो. दोन हजार रुपयांना.